तांबोपाता: बोट झेपेल, काठाचं आधी विचारा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाचं आहे ते बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही 63 वर्षांच्या, यजमान 68. मुलगी न्यू जर्सीत. नातवंडांच्या उन्हाळी सुट्टीत, ऑगस्टमध्ये, सगळे मिळून पेरूला निघालात. कुस्को आणि माचू पिचू झालं की तीन रात्री तांबोपाता नदीवरच्या जंगलातल्या लॉजवर. ‘लॉजपर्यंत बोटीने सहा-सात तास’ हे वाचून तुमचा धीर सुटलाय. दोघांनाही पोहता येत नाही, तुमचा गुडघा दुखतो, यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि घर शाकाहारी. जावं का, कोणत्या लॉजला, आणि सोबत काय न्यावं?

जा. बोटीत बसून राहणं कोणालाही जमतं. माणसं दमतात ती बोटीत चढता-उतरताना आणि काठावरून लॉजपर्यंतचा चढ चढताना. तो चढ किती, बोटीचे तास किती, काठावर कोणते प्राणी दिसतील, परतीच्या दिवशी किती वाजता उठावं लागेल, हे सगळं त्या आठवड्यात नदीला पाणी किती आहे यावर ठरतं. खोल्यांचे फोटो नंतर बघा.

तांबोपाता अँडीजच्या उतारावर, पुनोच्या बाजूला उगम पावते आणि उत्तरेकडे वाहत येऊन पुएर्तो माल्दोनादो या गावापाशी माद्रे दे दिओस नदीला मिळते. ते पाणी पुढे बोलिव्हियात बेनी, मग मादेरा असं करत ॲमेझॉनला जातं. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम 200 मीटरवर आहे, त्यामुळे कुस्कोच्या 3,400 मीटरवरून खाली आलात की श्वास आपोआप मोकळा होतो. म्हणूनच तुम्ही आखलेला क्रम, आधी डोंगर मग जंगल, मला पटतो. कुस्कोहून विमान तासाभरात पोहोचतं. रात्रभराची बसही आहे, साधारण दहा तासांची, पण घाटवळणांची. तुम्हा दोघांना ती मी सुचवणार नाही. विमानतळावरून लॉजवाल्यांच्या गावातल्या ऑफिसात जायचं, मोठ्या बॅगा तिथे ठेवायच्या, तिथून गाडीने पाऊण तासावर इन्फिएर्नो वस्तीचा धक्का, आणि मग बोट.

‘धक्का’ म्हटलं म्हणून भाऊच्या धक्क्यासारखं काही डोळ्यांसमोर आणू नका. मातीचा उभा काठ, त्यात खोदलेल्या किंवा फळ्या ठोकून केलेल्या पायऱ्या, आणि खाली बोटीला टेकवलेली एक फळी. पावसाळ्यात, म्हणजे तिथल्या नोव्हेंबर ते मार्चमध्ये, नदी भरलेली असते आणि बोट पायऱ्यांच्या वरच्या टोकाजवळ लागते. ऑगस्टमध्ये पाणी उतरलेलं असतं. तोच काठ तेव्हा पाच-सहा मीटर उंच उभा राहतो, कधी त्याहून जास्त, आणि पायऱ्यांचा सगळा सांगाडा उघडा पडतो. काही लॉजवर एवढं चढून गेल्यावरही खोलीपर्यंत दहा-पंधरा मिनिटं सपाट पायवाट असते. दुखऱ्या गुडघ्याला त्रास होतो तो इथे.

म्हणून बुकिंग करण्याआधी लॉजला साध्या शब्दांत लिहा: ऑगस्टमध्ये तुमच्या धक्क्यापासून वरपर्यंत किती पायऱ्या आहेत, धरायला कठडा किंवा दोर आहे का, चढल्यावर खोली किती लांब, आणि सामान कोण वाहतं? चांगलं लॉज आकडा कळवतं. ‘नो प्रॉब्लेम’ एवढंच उत्तर आलं तर पुन्हा विचारा. आणि चढण्या-उतरण्यासाठी दुमडणारी काठी न्याच. ओल्या चिकणमातीवर तिसरा पाय लागतो, तरुणांनाही.

पावसाच्या आकड्यांनी मराठी माणसाने दबून जाऊ नये. पुएर्तो माल्दोनादोला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या थोडा वर पाऊस पडतो, आपल्या महाबळेश्वरला त्याच्या दुपटीहून जास्त. पण तिथे कोरड्या महिन्यांतही एखादी धो-धो सर येतेच. शिवाय वर अँडीजमध्ये पडलेलं पाणी तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असतानाही नदीत उतरतं. संध्याकाळी जिथे वाळूचा दांडा होता तिथे सकाळी गढूळ पाणी वाहत असलेलं मी पाहिलं आहे. अशा चढत्या पाण्यासोबत वरच्या काठांवरून उन्मळलेली झाडं येतात. बोट चालवणारा तांडेल खऱ्या अर्थाने घाबरतो तो या ओंडक्यांना, मगरींना नाही.

आता बोट. लांब, अरुंद, लाकडी. वर छप्पर, बाजू उघड्या, वीसेक माणसं दोन रांगांत बसतील अशी. मागे आउटबोर्ड इंजिन आणि ते चालवणारा तांडेल. पुढच्या टोकावर दुसरा माणूस, लांब काठी घेऊन. त्याला तिथे पुंतेरो म्हणतात. नवखे प्रवासी त्याला मदतनीस समजतात. पाणी कमी असताना बोट तोच नेतो म्हटलं तरी चालेल. पाण्यावरची सुरकुती बघून खाली वाळू आहे की बुडालेलं खोड हे तो ओळखतो, हाताच्या खुणेने मागच्याला सांगतो आणि शंका आली की काठी खाली सोडून खोली मोजतो. ऑगस्टमध्ये बोट सरळ जातच नाही. या काठावरून त्या काठाला, पुन्हा या काठाला, खोल पाण्याचा माग काढत जाते. म्हणून जाहिरातीतले तास वाढतात. अडीच तासांचे सव्वातीन झाले तर काही बिघडलं असं समजू नका.

कधीतरी बोट वाळूत रुतते. मग पुंतेरो पाण्यात उतरतो, दोन-चार तरुण प्रवासीही उतरतात आणि ढकलतात. तुम्हाला कोणी उतरायला सांगणार नाही. पण नातवंडं उत्साहाने उडी मारतील, त्यांना एक सांगून ठेवा: उथळ वाळूत पाऊल उचलून टाकायचं नाही, तळाशी घासत पुढे सरकवायचं. तिथे वाळूत काटेरी शेपटीचे पाकट मासे दडून बसतात. पाय घासत नेला की ते दूर पळतात, वरून पाय पडला की डंख मारतात, आणि तो फार दुखतो. पिरान्या आणि ॲनाकोंडाच्या गोष्टी मात्र विमानातच संपवून टाका.

पोहता येत नाही याची काळजी मला फारशी वाटत नाही. त्या प्रवाहात पट्टीच्या पोहणाऱ्याचंही कौशल्य विशेष कामी येत नाही, कामी येतं ते लाइफ जॅकेट. ते मांडीवर ठेवायचं नाही. अंगात घालून सगळे पट्टे आवळायचे, आणि तुमच्या मापाचं नसेल तर बोट सुटण्याआधीच बदलून मागायचं. समजा पाण्यात पडलातच, तर पाठीवर तरंगायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवायचे आणि बोट वळून येण्याची वाट बघायची. उलट पोहून दमायचं नाही. बोटीत उभं राहून फोटो काढायचा नाही. मोठं माणूस या बाजूचं उठून त्या बाजूला गेलं की एवढी अरुंद बोट लगेच कलते, आणि पुंतेरो वळून जे बघतो ते स्पॅनिश न येणाऱ्यालाही कळतं. हात बाहेर पाण्यात सोडायचे नाहीत, कारण शेजारून जाणारी फांदी बोटं सोलून काढते.

गावातून कोणी स्वस्तात पेके-पेके ठरवून देतो म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. ती लांब दांड्याच्या छोट्या इंजिनची होडी. गावकऱ्यांच्या रोजच्या ये-जा करण्याला ती उत्तम. पण तुम्हा सहा जणांना सामानासकट वरच्या अंगाला नेताना तिचे तास दुप्पट होतील आणि अंधार पडेल. अंधारात या नदीवर लांबचा प्रवास करूच नये. ऑगस्टमध्ये तिथे संध्याकाळी सहाच्या आत काळोख होतो, म्हणून दुपारच्या विमानाने येऊन त्याच दिवशी दूरच्या लॉजला जाण्याचा बेत ज्याने आखला, त्याने नदी पाहिलेली नाही असं समजा.

कोणतं लॉज? इन्फिएर्नोच्या धक्क्यापासून पाऊण-एक तासाच्या अंतरावर काही, अडीच-तीन तासांवर काही, आणि अगदी आत, सहा-सात तासांवर, तांबोपाता रिसर्च सेंटर. राखीव जंगल, म्हणजे तांबोपाता नॅशनल रिझर्व्ह, 2000 साली झालं, 2,74,690 हेक्टरचं. त्याला लागून बाउआहा-सोनेने राष्ट्रीय उद्यान, 1996चं, दहा लाख हेक्टरांहून मोठं. ताडोबा-अंधारीचा गाभा आणि बफर मिळून सुमारे 1,700 चौरस किलोमीटर भरतात. इथे दोन्ही मिळून 13,000च्या पुढे. जितकं वर जाल तितकी वस्ती विरळ, शिकारीची भीती कमी, आणि जनावर निर्धास्त. दूरच्या लॉजचं मोल आहे ते यासाठी, आणि ते खरंही आहे.

तरीही तीन रात्रींसाठी तुम्हाला मी अगदी आतलं लॉज सांगणार नाही. हिशेब सोपा आहे. पहिला दिवस जाण्यात, शेवटचा येण्यात, आणि मधले दोन दिवस पहाटे चारला उठून चालण्यात. तुमच्या वयाला हे ‘बघितलं’ कमी आणि ‘सोसलं’ जास्त असं होतं. अडीच-तीन तासांवरचं मधलं लॉज घ्या आणि एका पहाटे तिथून बोटीने चुंचो नावाच्या मातीच्या काठावर मकाव, म्हणजे मोठे रंगीत पोपट, बघायला जा. रात्री चार करता आल्या तर गोष्ट वेगळी: जाताना मधल्या लॉजवर एक रात्र थांबून दुसऱ्या दिवशी आत, तिथे दोन रात्री, येताना पुन्हा मध्ये एक. तशी तोडलेली वाट 68 व्या वर्षी आरामात जमते. एकच रात्र हाताशी असती तर पाऊण तासावरचं पोसादा अमासोनास सांगितलं असतं.

त्या लॉजबद्दल जाता जाता सांगतो, कारण पैसे कुठे जातात हे तुम्ही विचारलं होतं. ते इन्फिएर्नोच्या लोकवस्तीचं आहे: एसे एहा आदिवासी, नदीकाठचे जुने रहिवासी आणि डोंगरातून उतरून आलेले शेतकरी, असे मिळून. 1996 साली त्यांनी एका पर्यटन कंपनीशी करार केला, 1998 मध्ये लॉज सुरू झालं; नफ्यातले 60 टक्के वस्तीला, 40 टक्के कंपनीला, असं ठरलं. 2002 साली याच कामासाठी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने दिला जाणारा इक्वेटर पुरस्कार वस्तीला मिळाला. या नदीवर जंगल तोडून किंवा सोनं उपसून पैसा करण्याच्या वाटा खुल्या आहेत. मालिनोव्स्की नावाची उपनदी बेकायदा सोनखाणींनी किती खरवडली गेली ते विमानातूनही दिसतं, आणि 2019 मध्ये सरकारला ला पाम्पा भागात पोलीस आणि लष्कर पाठवून खाणी बंद कराव्या लागल्या. सोनं वेगळं करायला पारा वापरतात, तो नदीत जातो, तिथून माशांत. तुम्ही मासे खात नाही. जे खातात त्यांनी मोठे मांसभक्षी मासे टाळलेले बरे.

बोटीतून काय दिसेल? इथे ऑगस्टचं उतरलेलं पाणी तुमच्या बाजूने उभं राहतं. वाळूचे दांडे उघडे पडलेले असतात आणि त्यांवर सगळा बाजार भरतो: कापिबारांची (उंदराच्या जातीचे, डुकराएवढे प्राणी) कुटुंबं, केमन मगरी, चोचीने पाणी कापत उडणारे स्किमर, जोडीने फिरणारे ओरिनोको हंस. ओंडक्यांवर तारिकाया कासवं रांगेने ऊन खात बसलेली असतात आणि त्यांच्या डोळ्यांभोवती केशरी फुलपाखरं भिरभिरतात. ती कासवाचे अश्रू पितात. खरंच. समुद्र दूर, त्यामुळे वाऱ्यापावसातून मीठ इथवर फारसं पोहोचत नाही, आणि वनस्पतींत सोडियम अगदी कमी. अश्रूंत ते मिळतं. मकाव पहाटे काठाची माती खायला शेकड्यांनी उतरतात, त्यामागेही मुख्य कारण सोडियमचंच मानतात. ऑगस्टपासून ही गर्दी वाढत जाते, मे-जूनमध्ये ती तुलनेने कमी असते. मात्र पाऊस किंवा दाट धुकं असलं की पक्षी येत नाहीत, आणि त्या पहाटे गाइडला दोष देऊन उपयोग नसतो.

जग्वार? मागाल तेव्हा दिसणारं जनावर नाही ते. पण दिसलं तर बहुतेकदा बोटीतूनच, वरच्या अंगाला, कोरड्या महिन्यांत, आणि थंडीची लाट ओसरल्यावरच्या पहिल्या उन्हात काठावर अंग शेकताना. म्हणून बोटीत झोप काढू नका. दुर्बीण बॅगेत ठेवू नका, गळ्यात ठेवा. चालताना जंगलात पाच मीटरपलीकडे दिसत नाही. सस्तन प्राणी बघायचे असतील तर बोटीचे तास हीच तुमची सफारी. ज्यांना बोटीचा वेळ वाया गेला असं वाटतं, त्यांना मी पुढच्या बाकावर बसवतो.

थंडीची लाट म्हटलं, ती नीट समजून घ्या, कारण पन्नास जणांतले एकोणपन्नास जण जंगल म्हणजे उकाडा असं धरून चालतात. मे ते सप्टेंबर या काळात अधूनमधून दक्षिणेकडून, पॅटागोनियाच्या दिशेने, गार हवा वर सरकते. त्याला तिथे फ्रियाखे म्हणतात. काल 31 अंश असतं, आज दुपारी 13-14, कधी आणखी कमी, आणि हे दोन-चार दिवस टिकतं. वर चालत्या बोटीचा वारा आणि झिमझिम पाऊस. कुस्कोसाठी घेतलेले लोकरीचे कपडे ‘आता काय गरज’ म्हणून गावातल्या ऑफिसात ठेवून येणारी माणसं तिसऱ्या तासाला जॅकेटच्या आत हात घालून बसलेली असतात. स्वेटर, कानटोपी आणि पावसाळी जाकीट बोटीत सोबत हवंच. काही लॉजवर खोलीची एक बाजू सरळ जंगलाकडे उघडी असते, काच नाही, जाळी नाही, फक्त पलंगावर मच्छरदाणी. रात्री ब्लँकेट जास्तीचं मागून घ्या.

सामान मऊ बॅगेत, माणशी 10 किलोच्या आसपास. चाकांची सुटकेस त्या पायऱ्यांवर वैरीण. आतले कपडे, औषधं, कॅमेरा यांना आपल्या किराणा दुकानातल्या जाड प्लास्टिक पिशव्यांचं दुहेरी अस्तर पुरतं. जीन्स नको, तिथल्या दमट हवेत ती तीन दिवसांत वाळत नाही. तुम्हाला सवय असेल तर पातळ सुती सलवार-कुडता उत्तम, पूर्ण बाह्यांचा, फिक्या रंगाचा, ओढणी मात्र बोटीत चढताना कंबरेला खोचलेली. गमबूट लॉजवाले देतात, लांब मोजे तुमचे न्या. डास पळवणारं डीईईटीचं औषध लावून त्याच हातांनी दुर्बीण, चष्मा किंवा पावसाळी जाकीट धरू नका. ते प्लास्टिक विरघळवतं. पासपोर्ट बॅगेत तळाशी नको. वाटेत राखीव जंगलाच्या ला तोर्रे चौकीवर, आणि अगदी आत गेलात तर मालिनोव्स्कीच्या चौकीवरही, उतरून नोंद करावी लागते.

चौकीवर स्वच्छतागृह असतं, बोटीत नसतं. हा प्रश्न तुम्ही पत्रात विचारला नाहीत, पण तो सगळ्यांच्याच मनात असतो. उपाय पाणी न पिणं हा नव्हे. त्या हवेत ते महागात पडतं. यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असेल, तर बोटीच्या दोन दिवसांपुरती तिची वेळ पुढे-मागे करता येईल का, एवढं तुमच्या डॉक्टरांना नाशिकमध्येच विचारून घ्या. आणि तांडेलाला थांबायला सांगायची लाज बाळगू नका. तो बोट वाळूला लावतो, गाइड आधी जागा बघून येतो, मग तुम्ही जा. सर्व औषधं दोन संचांत ठेवा, एक तुमच्या हातातल्या पिशवीत, एक मुलीकडे. सर्वात जवळचं मोठं रुग्णालय पुएर्तो माल्दोनादोला, म्हणजे पुन्हा बोटीनेच. मधलं लॉज निवडण्याचं हेही एक कारण.

आता जे काम आज उद्यात सुरू करायचं ते: पिवळ्या तापाची लस. पेरू भारताच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे. अशा देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत तुम्ही भारतात उतरलात आणि लसीचं पिवळं कार्ड नसेल, तर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. तिथे वाद चालत नाही. कार्ड फक्त सरकारमान्य केंद्रातलंच चालतं, तिथे नाव आधी नोंदवावं लागतं, आणि लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ते ग्राह्य होतं. एकदा घेतलं की आता आयुष्यभर चालतं.

पण तुमच्या दोघांच्या बाबतीत एक पेच आहे, जो ट्रॅव्हल एजंट सहसा सांगत नाहीत. ही जिवंत विषाणूची लस आहे, आणि साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामाचा धोका, दुर्मीळ असला तरी, तरुणांपेक्षा जास्त असतो. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं चालू असतील किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर ती देत नाहीत. म्हणून सरळ केंद्रावर जाऊन दंड पुढे करू नका. आधी तुमच्या फिजिशियनशी बसून बोला. त्यांनी लस नको म्हटलं तर तसं पत्र देतील, पण मग संरक्षण नाही आणि डास मात्र आहेत. अशा वेळी जंगल सोडून कुस्को-लिमावर समाधान मानणं हाही शहाणा निर्णय आहे, आणि तो मी मनापासून मान्य करीन. तुम्ही पेरूहून परत न्यू जर्सीला जाऊन तिथे दोन आठवडे राहणार आहात, त्यामुळे सहा दिवसांचा नियम तुम्हाला लागू होऊ नये. तरी अमेरिकेत शिरल्याच्या तारखेची नोंद आणि बोर्डिंग पास हाताशी असू द्या. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल त्याच बैठकीत विचारा. आणि घरी आल्यावर काही आठवड्यांनी हातापायावर न भरणारा फोड दिसला, तर नाशिकच्या डॉक्टरांना ‘ॲमेझॉनला जाऊन आलो’ हे वाक्य आधी सांगा. तिथल्या वाळूमाशीने होणारा लेशमॅनियासिस आपल्याकडे चटकन कोणाच्या डोक्यात येत नाही.

जेवणाचं सोपं आहे. बोटीत दुपारचं जेवण बरेचदा बिहाओच्या पानात बांधलेला गरम भात असतो, हळदीच्या पानातल्या पातोळ्यांची आठवण यावी असा वास येतो, फक्त आत कोंबडी नको हे आधी कळवायचं. ‘व्हेजिटेरियन’ शब्दावर विसंबू नका. सूप कोंबडीच्या पाण्याचं निघतं. बुकिंगच्या वेळी लेखी कळवा, आणि तिथे तोंडी ‘नो कोमो कार्ने, पोयो नी पेस्कादो’ म्हणा. भात, बीन्स, कसाव्याचे काप, तळलेली केळी, पपई, अंडं चालत असेल तर अंडं, असं पोटभर मिळतं. कास्तान्या, म्हणजे ज्याला आपण ब्राझील नट म्हणतो, तो इथलाच. त्याची झाडं लावलेल्या बागेत नीट फळत नाहीत, परागीभवनाला जंगलातल्या दणकट मधमाश्या लागतात. म्हणून हे उभं जंगल राखूनच मिळणारं पीक आहे. पावसाळ्यात जमिनीवर पडलेली फळं गोळा करतात, पण कास्तान्या बाजारात वर्षभर मिळतो. पुएर्तो माल्दोनादोतून अर्धा किलो घ्याच.

चिवडा, भडंग, मेतकूट न्या, पण कंपनीच्या बंद पाकिटातलं. ताजी फळं आणि कच्ची बी-बियाणी पेरूच्या कस्टम्समध्ये अडतात. आणि लॉजवर खोलीत डबा उघडा ठेवू नका. रात्री मुंग्या, उंदीर आणि ओपॉसम यांना लाडूचा वास आपल्यापेक्षा लवकर येतो. स्वयंपाकघरात किंवा खोलीतल्या बंद पेटीत ठेवायला देतात.

परतीचं. खाली येताना प्रवाह सोबत असतो, वेळ बराच वाचतो, तरी निघायचं पहाटे असतं कारण पुएर्तो माल्दोनादोहून विमान दुपारच्या आत सुटतं. ढग खाली उतरले की ते उशिरा सुटतं, कधी रद्दही होतं, आणि फ्रियाखेच्या दिवसांत हे जास्त घडतं. तुमच्या बेतात त्याच रात्री लिमाहून नेवार्कचं विमान धरलेलं दिसतंय. ते दुसऱ्या दिवसावर ढकला. लिमात एक रात्र जास्तीची पडेल, पण वाळूत बोट अडकली तरी तुम्ही घड्याळाकडे बघत बसणार नाही.

बक्षिशी पेरूच्या चलनात, म्हणजे सोल नोटांत, सुटे पैसे ठेवा. लॉजची पेटी असते ती स्वयंपाकघर आणि खोल्यांच्या मंडळींची. बोटीच्या दोघांना वेगळं द्यायचं, उतरताना हातात, आणि पुंतेरोला तांडेलाइतकंच.